मध्यक आणि रोगी

स्टीफन जे गूल्ड यांचा ‘द मीडियन इझन्ट द मेसेज’ हा १९८५ मधील लघुनिबंध रोगाच्या पूर्वानुमानाचा विचार करणाऱ्याने अवश्य वाचावा, मात्र सावधपणे. १९८२ साली त्यांना उदरातील मेसोथेलिओमा हा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. निदानोत्तर आयुष्याचा मध्यक आठ महिने, असे त्यांना वैद्यकीय ग्रंथांत आढळले. निम्मे रोगी तत्पूर्वी दगावतात, एवढाच याचा अर्थ. उरलेले निम्मे किती काळ जगतील, हे तो आकडा सांगत नाही. ‘रोगी आठ महिने जगेल’ या वाक्यात समूहाचा धर्म एकवचनी कर्त्यावर लादला जातो. ही चूक गणिताइतकीच व्याकरणाचीही होय. येथवर गूल्ड निर्विवाद आहेत.

परंतु आपण दीर्घायुषी गटात का पडू, हे सांगताना ते वय, वेळीच झालेले निदान आणि उत्तम उपचार यांच्याच पंक्तीला जगण्याची उमेदही बसवितात. कोणत्या लक्षणाला किती वजन द्यावे, हाच तर पूर्वानुमानाचा गाभा. तोच येथे घाईने उरकला आहे.

गूल्ड २००२ पर्यंत जगले व निराळ्याच कर्करोगाने निवर्तले. त्यामुळे निबंध ‘खरा ठरला’ असे म्हणण्याचा मोह होतो. वस्तुतः तो प्रसिद्ध होताच ते निवर्तले असते, तरी मध्यकाविषयीचा त्यांचा युक्तिवाद तितकाच ग्राह्य राहिला असता.