नदीपात्रातले योद्धे

जपानी लाकूडठशांच्या चित्रांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते रेषेबद्दल आणि रंगाबद्दल. युरोपातल्या चित्रकारांनी ती डोक्यावर घेतली, म्हणून आमच्या सौंदर्यवाद्यांनीही घेतली. चित्रात उभा असलेला माणूस कोण, हे कुणी विचारीत नाही. आम्हाला तेच आधी विचारावेसे वाटते.

'शिबाराकू' या काबुकी नाटकातला योद्धा पाहा. शुन्शोपासून कुनिसादापर्यंत अनेकांनी तो रंगविला. चेहऱ्यावर तांबडे पट्टे, कमरेला माणसाहून लांब तलवार, दोन्ही बाजूंना शिडासारख्या पसरलेल्या बाह्या. त्या बाह्यांवरचे चिन्ह योद्ध्याच्या कुळाचे नाही. एकात एक तीन चौकोन, म्हणजे इचिकावा दान्जूरो या नटघराण्याची खूण. सामुराईच्या अंगावर नटाने आपली मोहोर उठविली आहे! आणि हा नट समाजात कोण? 'कावारामोनो', नदीपात्रातला माणूस. सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी या उतरंडीबाहेरचा. रंगमंचावर शौर्य चालत होते, पण मर्यादेत. १८४२ साली सातव्या दान्जूरोला एदो शहरातून हद्दपार केले. नाटकात खरे चिलखत वापरले, हाही त्याच्यावरचा एक आरोप. त्याच साली नटांची चित्रे छापण्यावरही बंदी आली.

इथवर आमची सहानुभूती नटाकडे आहे. पण गोष्ट इतकी सरळ नाही. एदोत खेळ लावायचा तर अस्पृश्य गणलेल्या 'एता' जमातीचा प्रमुख दान्झाएमोन याची परवानगी लागे. १७०८ साली कठपुतळीवाल्यांच्या फिर्यादीत त्याचा हा हक्क मोडला आणि काबुकीवालेही त्याच्या हाताखालून सुटले. नट वर चढला तो उतरंड मोडून नव्हे, खालच्याशी असलेले नाते तोडून. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती आम्हाला या चित्रांच्या मागे स्वच्छ दिसते. आपल्यातही असे चढणारे आहेतच. त्यांची नावे इथे नकोत.

नाते तरी कुठे तुटले? कागदावर रंग फुटू नये म्हणून त्यावर सरस आणि तुरटीचे पाणी फिरवीत. सरस निघे कातड्यापासून, आणि मेलेले जनावर ओढणे, सोलणे हे काम एतांच्या माथी. १८७१ च्या फर्मानाने ते नाव कायद्यातून गेले. त्यांचे वंशज 'बुराकुमिन' म्हणून आजही ओळखले जातात. चित्राच्या कडेला चित्रकाराची सही असते, प्रकाशकाचा शिक्का असतो, पुढे पुढे कोरणाऱ्याचेही नाव येऊ लागले. कातडे सोलणाऱ्याचे कधीच आले नाही.