पट्टा मोजला, पण रांग कुणी लावली?

मागच्या व्याख्यानात आपण लोत्फी झादेह यांच्या १९६५च्या फझी संचांपाशी थांबलो होतो. सदस्यत्व म्हणजे नुसतं हो किंवा नाही नव्हे, ० ते १ मधला एक आकडा. आता कुणी विचारेल, एखाद्या गाठीला ‘संशयास्पद’ म्हणताना ०.६ का, ०.६३ का नाही? धूसर गोष्टीला इतका काटेकोर आकडा देणं जरा विनोदीच आहे. म्हणून १९७५च्या सुमारास झादेह आणि इतर काहींनी आकड्याऐवजी पट्टा सुचवला : ०.५ ते ०.७, असा. इथवर आमची काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती हा पट्टा येतो कुठून याबद्दल. वर्गीकरणावरचे पुष्कळ लेख साधा फझी आलेख घेतात, तो जरा फुगवतात आणि त्या फुगवट्याला ‘अनिश्चितता’ म्हणतात. मग अचूकता सर्वाधिक येईल असा फुगवटा शोधायचा. निकाल बरे येतात, नाही असं नाही. पण ही अनिश्चितता नव्हे. यंत्राला आणखी एक बटण बसवलं, एवढंच.

याउलट पोलंडमधल्या पोझ्नानचं ‘ओव्हाएक्स्पर्ट’ बघा. अंडाशयातली गाठ कर्करोगाची आहे का, हे ठरवताना डॉक्टरांना मदत करणारी ही प्रणाली. रुग्णाची एखादी तपासणी झालेलीच नसते. अशा वेळी रिकाम्या जागी सरासरी कोंबायची नाही. तिथे काय काय येऊ शकलं असतं ते सगळं धरून उत्तराचा पट्टा काढायचा. इथे रुंदीला अर्थ आहे.

खरी अडचण पुढे आहे. आपलंच एक उदाहरण घेऊ. एका रुग्णाचा धोक्याचा पट्टा ०.२ ते ०.९, दुसरीचा ०.५ ते ०.५५. तज्ज्ञाकडे आधी कुणाला पाठवायचं? मध्यबिंदू पाहिले तर ०.५५ आणि ०.५२५, म्हणजे पहिली पुढे. खालच्या टोकापासून पाव अंतरावर मोजलं तर ०.३७५ आणि ०.५१२५; आता दुसरी पुढे! माहिती तीच, रुग्ण त्याच. उंबेर्तो बुस्तिन्से आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये असे ग्राह्य क्रम कसे तयार करायचे, हे नीट मांडलं. गणित चोख आहे. पण यातला कुठला क्रम रुग्णाला लावायचा, हे गणित सांगत नाही.

सू आणि यागर यांचा २००६चा लोकप्रिय क्रम घ्या. मध्यबिंदू सारखे असतील, तर अरुंद पट्टा वरचा. कर्ज देताना ठीक आहे हो. पण ०.३ ते ०.७ आणि ०.४५ ते ०.५५ यांत जिच्याबद्दल आपल्याला कमी कळलंय, तीच इथे मागे ढकलली जाते. अशा लेखांत अचूकतेचा रकाना ठळक छापतात. क्रम बदलल्यावर कितीजणींची जागा बदलली, हा रकाना आम्हाला त्याच्या शेजारीच हवा आहे.