‘यू’चे भाषांतर

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले. आधी नियम, मग शब्द, मग वाक्ये. मराठीचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा. ही पद्धत मेली असे समजण्याचे कारण नाही. कोल्हापुरात मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवितो. पुस्तके बदलली, तरी वर्गात चालते ते भाषांतरच. माझी हरकत भाषांतराला नाही; ज्या मराठीतून ते करावयास सांगतात, त्या मराठीला आहे.

ती आमच्या घरची नव्हे. ‘लई’, ‘न्हाई’, ‘व्हय’ म्हणणारे पोर आपले बोलणे आधी प्रमाण मराठीत नेते, मग इंग्रजीत. या पहिल्या भाषांतराचे गुण कोणी देत नाही. चुकले तर हसतात मात्र. कोल्हापूरकडची मुलगी ‘मी जातो’ म्हणते. मास्तर तिला ‘जाते’ असे दुरुस्त करतो आणि लगेच फळ्यावर ‘आय गो’ लिहितो, ज्यातील क्रियापदाला लिंगच नाही! म्हणजे इंग्रजीला जवळचे असलेले तिचे व्याकरण पुसून तिला इंग्रजीकडे न्यावयाचे. उच्चारांचेही तेच. इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ मराठी जिभेवर एकच होतात, मग ती जीभ कोणत्याही आळीतली असो. हसू मात्र आमच्याच ‘व’ला येते.

परंतु खरी गोम ‘यू’मध्ये आहे. मराठीत तू, तुम्ही, आपण. कोणी कोणाला काय म्हणावे हे गावात जात ठरवीत आली. माझ्या आजोबांना पाटलाचे शेंबडे पोरही ‘अरे’ म्हणे आणि आजोबा त्याला अहो-जाहो करीत. ‘यू’मध्ये ही उतरंड मावत नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीला माऊली म्हटले, तेव्हा या सुटकेची ओढ त्यात असणार, असे मला वाटते.

वर्गात काय होते? मी एक उतारा भाषांतराला दिला होता. त्यात एक डॉक्टर आणि एक झाडूवाली. डॉक्टरला उद्देशून आलेल्या ‘यू’चे सर्वांनी ‘तुम्ही’ केले, झाडूवालीच्या ‘यू’चे ‘तू’. आमच्या वस्तीतील मुलांनीही तेच लिहिले. व्याकरणाने ते चूक नव्हते, म्हणून मी लाल रेघ मारली नाही. ती चूक माझी.

शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून मुलांना सर्वांच्या शाळेत आणले. शाळा एक झाली, सर्वनामे तीनच राहिली. २०१० मध्ये उत्तर प्रदेशातील बांका गावी चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीचे मंदिर बांधण्यास आरंभ झाला. त्यामागचा संताप मला कळतो, मूर्ती पटत नाही. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढला आणि १९३६ चा जातिनिर्मूलनाचा निबंध इंग्रजीत लिहिला. त्यांनी दोन्ही भाषा कामाला लावल्या. पूजा एकीचीही केली नाही.

आता मी तोच उतारा पुन्हा देतो आणि झाडूवालीला ‘तुम्ही’ का नको, एवढेच विचारतो. उरलेला तास त्यातच जातो. अभ्यासक्रम मागे पडतो, अशी तक्रार होते. ती खरी आहे.