पॅशन : आवेग आणि दुःखसहन

आमच्या धर्मग्रामातील तरुणांच्या तोंडी ‘पॅशन’ हा शब्द अलीकडे वारंवार येतो. कुणाची पॅशन छायाचित्रण, कुणाची क्रिकेट. शब्दाशी आमचे भांडण नाही. परंतु झावळ्यांच्या रविवारी वेदीवरून आपण वाचतो तीही पॅशनच, आणि मराठीत तिला आपण ‘प्रभूचे दुःखसहन’ म्हणतो, हे ऐकून ते चकित होतात. मूळ लॅटिन धातूचा अर्थच सोसणे असा आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रीती, आशा, भय, क्रोध आदी अकरा मनोविकारांना हेच नाव दिले. मग प्रत्येक उत्कट भावनेला पॅशन म्हणावे काय?

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आम्हांस याचे उत्तर सापडते. (टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे, म्हणून हा ग्रंथ आपल्या घरांत कमी पोहोचला असेल तर ती हानी आपलीच.) रेव्हरंड ना. वा. टिळकांचा संताप, न सांगता घराबाहेर पडणे, हाती असेल ते देऊन टाकणे, हे सारे लक्ष्मीबाई मिस्कीलपणे सांगतात. तो आवेग, आला तसा ओसरतो. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तो मात्र आवेग नव्हे. त्यापायी घर, जात आणि पत्नीचा सहवास अंतरणार, हे ठाऊक असूनही त्यांनी पाऊल मागे घेतले नाही. त्याच वेळी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला तो निव्वळ शोक. त्यांनी तो निवडला नव्हता. तो त्यांच्यावर कोसळला. सोसणे दोघांचेही खरे, तरी या दोहोंना एकच नाव देता येत नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली.

१९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. जिला अक्षरओळखदेखील पतीकडून झाली, त्या स्त्रीने त्या महाकाव्याचा बहुतांश भाग लिहून काढला. हे ओझे कोणी तिच्यावर लादले नव्हते. पतीचा ध्यास तिने आपला केला आणि त्याचे कष्टही. पॅशन म्हणतात ती ही.

काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ आम्हांस ‘स्मृतिचित्रां’च्या तोडीचे वाटत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. लक्ष्मीबाईंचे गद्य जिवंत आहे. ओवीत तो मोकळेपणा क्वचितच उतरतो. ध्यास असला म्हणजे कृती उत्तम होतेच असे नाही. लक्ष्मीबाई १९३६ साली निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले ते १९३८ मध्ये.