संगणक-साहाय्यित आरेखन आणि अंतर्गत रचनेचे शिक्षण : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

‘ऑटोकॅड येते’ हे वाक्य नोकरीच्या अर्जात ज्या सहजतेने लिहिले जाते, त्या सहजतेने त्याचा अर्थ सांगता येत नाही. रेषा ओढता येते, ती छाटता येते, भिंतीला जाडी देता येते, दार बसवता येते, एवढाच त्याचा अर्थ असेल तर ते कौशल्य काही आठवड्यांत हस्तगत होते. परंतु जे आरेखन हाती घेऊन सुतार, गवंडी आणि वायरमन यांना काम सुरू करता येईल असे आरेखन करता येणे, हा अर्थ अभिप्रेत असेल, तर काही आठवडे पुरत नाहीत. अंतर्गत रचनेच्या शिक्षणात या दोन अर्थांची सरमिसळ झालेली आहे. पहिल्या अर्थाने शिकविले जाते आणि दुसऱ्या अर्थाने अपेक्षा केली जाते. आर्वी, हिंगणघाट किंवा पुलगावहून नागपूर-पुण्याच्या कार्यालयांत जाणारा तरुण या दोहोंच्या मधल्या फटीत सापडतो. दुसऱ्याने कागदावर काढलेले संगणकावर उतरवून देणारा म्हणून तो रुजू होतो आणि पुष्कळदा तेथेच राहतो.

या प्रश्नाची चिकित्सा वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. हाताने काम करणे आणि ज्ञान मिळविणे यांचा संबंध काय, या प्रश्नावर 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी याच शहरात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली होती. शिवाय अंतर्गत रचना म्हणजे नेमके काय, हा प्रश्न विचारण्यास भाग पाडणारी एक वास्तू शहरापासून काही किलोमीटरवर सेवाग्रामात उभी आहे.

फळ्यावरून पडद्यावर

आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सिद्ध केली, तेव्हा पडद्यावर काढलेल्या रेषांना परस्परांशी नाते देता येते, ही तिच्यातील खरी क्रांतिकारक कल्पना होती. दोन रेषा समांतर राहाव्यात असे एकदा सांगितले की त्या समांतर राहत. 1982 मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅडने व्यक्तिगत संगणकावर आरेखन आणले आणि ते छोट्या कार्यालयांच्या आवाक्यात आले. भारतात ते रुळले, तसतसे ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, शाईची पेने आणि अमोनिया प्रिंटचा तो उग्र वास मागे पडत गेला.

या स्थित्यंतरात काय मिळाले हे सर्वांस ठाऊक आहे. काय गेले, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. फळ्यावर काम करणाऱ्यास पहिली रेषा ओढण्यापूर्वी प्रमाण ठरवावे लागे. 1:50 ठरले की दाराची चौकट किती तपशिलाने दाखवायची, हे आपोआप ठरे, कारण त्या प्रमाणात चौकटीची खाच दाखविणे अशक्यच असे. संगणकावर सर्व काही पूर्णाकृती मापात काढले जाते आणि प्रमाण छपाईच्या वेळी येते. परिणामी विद्यार्थी पडद्यावर मोठे करून पाहताना नळाच्या तोटीची वळणे काढत बसतो आणि कपाटाचा उभा छेद काढायचे राहून जाते. छापून आल्यावर तोटीच्या जागी काळा ठिपका दिसतो. भिंतीची रेषा आणि फरशीची रेषा एकाच जाडीची असल्याने कापलेले काय व पलीकडे दिसणारे काय, हेही कळत नाही. हा दोष यंत्राचा नाही. रेषांचे वजन ठरविण्याची सोय आज्ञावलीत पहिल्यापासून उपलब्ध नसली, तरी पेनांच्या जाडीनुसार छपाई करण्याची सोय जुनी आहे. शिकविताना ती ‘छपाईचा भाग’ म्हणून शेवटच्या तासासाठी ठेवली जाते आणि शेवटचा तास बहुधा होतच नाही.

सूत, इंच आणि मिलिमीटर

अंतर्गत रचनेचे आरेखन हे मुख्यतः सुताराशी बोलणे असते. हा सुतार सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून एक सूत म्हणजे सुमारे 3.2 मिलिमीटर. प्लायवूडचा ताव 8 फूट बाय 4 फूट मिळतो, पण त्याची जाडी 18 किंवा 19 मिलिमीटर सांगितली जाते आणि सुतार तिला पाऊण इंची म्हणतो. त्यावर दोन्ही बाजूंनी सनमायका चढला की जाडीत साधारण दोन मिलिमीटरची भर पडते. महाविद्यालयातील आरेखन मात्र संपूर्ण मिलिमीटरमध्ये असते आणि त्यात फळी ही दोन समांतर रेषा एवढीच असते.

या तीन मापसंसारांतील अंतर कागदावर क्षुल्लक वाटते. ड्रॉवरच्या चॅनलला प्रत्येक बाजूस सुमारे साडेबारा मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच जागा लागते. आरेखनात फळीची जाडी 18 धरली, सनमायका विसरला आणि तशी सहा खणांची रांग मांडली, तर शेवटचा खण भिंतीत घुसतो. मिस्त्री तो जागेवर निस्तरतो आणि ‘कॉम्प्युटरवाल्यां’विषयी त्याचे जे मत बनते, ते अन्यायाचे नसते. आरेखकाला सूत माहीत असणे हा लोकसंस्कृतीच्या आदराचा प्रश्न नाही, तो त्याच्या व्यवसायाचा प्राथमिक भाग आहे.

याच संदर्भात आज्ञावलीतील दोन गोष्टी शिक्षकांनी गंभीरपणे घ्यावयास हव्यात. पहिली म्हणजे आरंभीचा साचा. ऑटोकॅड उघडताना इंचांचा किंवा मिलिमीटरचा साचा निवडता येतो. तो न पाहता काम सुरू केले आणि दुसऱ्या परिमाणातील पलंग आत आणला की तो पंचवीस पटींनी मोठा अथवा लहान येतो. विद्यार्थी तो नजरेच्या अंदाजाने ओढूनताणून बसवतो. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. या प्रणालीत माप हे काढलेल्या रेषेवरून आपोआप लिहिले जाते, परंतु ते पुसून हाताने दुसरा आकडा लिहिण्याचीही मुभा असते. भिंत 2985 भरली आणि हवी होती 3000, तर भिंत सरकविण्याऐवजी आकडा बदलला जातो. आरेखन दिसायला नीट राहते आणि आतून खोटे होते. त्यावरून पुढे काढलेले सारे छेद, साहित्याचे सारे हिशेब त्या असत्यावर उभे राहतात. फळ्यावरही अशी लबाडी शक्य होती. पण तेथे कागदावर पट्टी ठेवून मोजू नये, लिहिलेले मापच प्रमाण मानावे, असा संकेत होता, कारण कागद आकसतो हे सर्वांना ठाऊक होते. पडद्यावरची रेषा आकसत नाही. तिच्यावर विश्वास ठेवणे हाच या साधनाचा पाया आहे. परीक्षक जेव्हा केवळ छापील प्रत पाहून गुण देतो, तेव्हा तो हा पाया तपासतच नाही. संगणकीय फाईल उघडून चार मापे घेतली तरी पुरे, परंतु एवढा वेळ प्रात्यक्षिक परीक्षेत कोणी देत असल्याचे सहसा दिसत नाही.

तयार ठोकळ्यांचे घर

आज्ञावलीबरोबर आणि महाजालावरून फर्निचरचे तयार ठोकळे मिळतात. सोफा, दुहेरी पलंग, सहा खुर्च्यांचे जेवणाचे टेबल, बाथटब. हे ठोकळे म्हणजे कोऱ्या पाट्या नव्हेत. त्यांच्यात एका विशिष्ट शरीराचे आणि विशिष्ट राहणीचे गृहीतक दडलेले असते. जर्मन वास्तुतज्ज्ञ एर्न्स्ट नॉयफर्ट यांचा मापांचा सुप्रसिद्ध संदर्भग्रंथ 1936 साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या आरेखनालयांत तो आधारभूत ठरला. ल कॉर्बुझिए यांच्या ‘मोड्यूलर’ या मापपद्धतीतील माणूस पुढे सहा फुटी ठरला. अमेरिकन स्वयंपाकघरातील ओट्याची रूढ उंची 36 इंच, म्हणजे सुमारे 91 सेंटिमीटर आहे. पाच फूट उंचीच्या बाईचा कोपर उभे असताना जमिनीपासून सुमारे 95 सेंटिमीटरवर येतो. काम करण्याची पातळी कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असावी, हा सर्वमान्य ठोकताळा लावला तर तिचा ओटा 80 ते 85 सेंटिमीटरच हवा. त्यावर शेगडी आणि शेगडीवर कुकर, हे तर वेगळेच. राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देवकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांवरील ग्रंथ 1997 मध्ये प्रसिद्ध केला. तो उपलब्ध असतानाही ठोकळा मात्र बाहेरचाच वापरला जातो, कारण तो एका कळीच्या अंतरावर असतो.

ठोकळ्यांच्या संग्रहात काय नाही, हे पाहणेही उद्बोधक ठरते. वर्ध्याचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो आणि मार्च ते जून येथील असंख्य घरांत खिडकीला कुलर लागतो. त्याला बाहेर स्टँड लागतो, पाणी भरण्याची वाट लागते, गळणाऱ्या पाण्याचा निचरा लागतो आणि मुख्य म्हणजे आत आलेली दमट हवा बाहेर पडण्यास समोरच्या बाजूला उघडी खिडकी लागते, नाहीतर खोली नुसती चिकट होते. ज्या वस्तूभोवती घराचे चार महिने फिरतात, ती विद्यार्थ्याच्या आराखड्यात नसते. त्या खिडकीला टेकून त्याने सोफा मांडलेला असतो. तसेच देवघर, बंगई, भिंतीतली देवळी आणि गाद्यांची चळत ठेवण्याची जागा यांचेही आहे. रात्री अंथरुणे घातली की शयनगृह आणि दिवसा गुंडाळली की बैठक, अशी दुहेरी खोली एका ठोकळ्याने दाखविता येत नाही. पण ‘लेयर’ नावाची जी सोय विद्यार्थी केवळ रंग बदलण्यासाठी वापरतो, तिच्यावर दिवसाची आणि रात्रीची मांडणी वेगवेगळी काढून ती एकमेकांवर ठेवता आली असती. साधनात सामर्थ्य आहे, प्रश्नच विचारला गेलेला नाही.

बापूकुटीचा छेद

नॉयफर्ट यांचा ग्रंथ आला त्याच 1936 साली महात्मा गांधी शेगाव येथे राहावयास आले. या गावाचे नाव 1940 मध्ये सेवाग्राम झाले. घर गावच्या साहित्यात, गावच्या कारागिरांकडून बांधले जावे आणि खर्च पाचशे रुपयांच्या आत असावा, ही त्यांची अट आश्रमपरंपरेत सांगितली जाते. आदी निवास त्यातून उभे राहिले. आज बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी कुटी मुळात मीराबेनची. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची ही वास्तू, तिच्या मातीच्या भिंतींवर मीराबेनने केलेले उठावाचे काम आजही दिसते.

बापूकुटीचा तलविन्यास एखाद्या विद्यार्थ्यास संगणकावर काढावयास सांगितला, तर तो अर्ध्या तासात पूर्ण होईल आणि रिकामा दिसेल. ठोकळ्यांच्या संग्रहातील एकही वस्तू त्यात बसणार नाही. या रिकामेपणास दोन प्रकारे उत्तर देता येते. येथे अंतर्गत रचना नाहीच, हे एक. रचना आहे, परंतु ती वाचण्याची साधने शिकविली गेलेली नाहीत, हे दुसरे. इव्हान इलिच यांनी जानेवारी 1978 मध्ये सेवाग्राम येथील परिषदेत केलेल्या भाषणात याच कुटीचे वाचन केले. त्यांनी तिच्यातील जागा मोजल्या त्या वस्तूंवरून नव्हे, वापरावरून. पादत्राणे उतरवून मन सावरण्याची जागा, मोठ्या कुटुंबास पुरेल असा मधला भाग, गांधींची बसण्याची व कामाची जागा, पाहुण्याची खोली, आजाऱ्याची खोली, उघडा ओटा आणि प्रशस्त स्नानगृह, अशा सात. आत येताना माणसाला काय करावे लागते, येथून त्यांची मोजणी सुरू होते, हे लक्षणीय आहे.

इलिच यांचे वाचन मर्मग्राही असले तरी ते आरेखकाच्या कामी पुरते येत नाही. त्यांना घरातील फर्निचर हे माणसाच्या परावलंबनाचे चिन्ह वाटते. मात्र गुडघेदुखीने त्रस्त वृद्धेला खाली बसता येत नाही, या साध्या गोष्टीस त्यांच्या मांडणीत फारसे स्थान नाही. साधेपणाचे तत्त्वज्ञान करणे सोपे आहे. साधेपणाची मापे काढणे कठीण आहे आणि तेथे आरेखनाचे काम सुरू होते. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाची नजर साधारण अडीच फुटांवर असते, खुर्चीवर बसलेल्याची चार फुटांच्या आसपास. खिडकीची तळकड कोठे असावी, फळी किती उंचीवर हाताशी येईल, उजेड पोथीवर पडेल की डोळ्यांत जाईल, हे सारे या दीड फुटाच्या फरकावर अवलंबून आहे. तलविन्यासात यातील काहीही दिसत नाही. ते दिसते उभ्या छेदात. अंतर्गत रचनेच्या वर्गांत तलविन्यासावर महिने आणि छेदावर काही तास, ही विभागणी म्हणूनच मुळातून सदोष आहे. त्यानंतर एकदम रंगीत त्रिमित चित्रांकडे उडी मारली जाते. 2000 मध्ये आलेल्या स्केचअपसारख्या साधनांनी ती उडी फारच सुलभ केली आहे.

हस्तव्यवसाय आणि त्याची कारणे

1937 च्या परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने जी योजना मांडली आणि पुढे सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्याने जी राबविली, तिचा गाभा हस्तव्यवसायाचा एक तास वाढविणे हा नव्हता. प्रत्येक क्रियेचे ‘का’ विद्यार्थ्यास कळावे आणि त्या क्रियेतूनच गणित, भूगोल, भाषा फुटावी, ही गांधींची धारणा होती. अनेक शाळांत ती योजना टकळी फिरविण्याच्या तासापुरती उरली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. संगणकीय आरेखनाच्या वाट्याला नेमके तेच आले आहे. आज्ञांचा तास वेगळा, फर्निचरचा सिद्धान्त वेगळा, साहित्य व अंदाजपत्रक वेगळे. तीन शिक्षक, तीन वह्या, आणि एकाच कपाटाची तीन न जुळणारी मापे. या अभ्यासक्रमास ‘कौशल्याधिष्ठित’ म्हटल्याने त्यात फरक पडत नाही.

वर्ध्यासारख्या ठिकाणी साधनाच्या मालकीचा प्रश्नही टाळता येण्याजोगा नाही. ऑटोडेस्क कंपनीने 2016 मध्ये कायमस्वरूपी परवान्यांची नवी विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. विद्यार्थ्यास शिकत असेपर्यंत परवाना विनामूल्य मिळतो. पदवी संपली की दरसाल वर्गणी, अथवा चोरीची प्रत. हिंगणघाटात स्वतःचे छोटे कार्यालय काढू इच्छिणाऱ्या मुलीसाठी हा हिशेब मोठा आहे. लिब्रेकॅडसारखी मुक्त साधने द्विमितीय आरेखनास बहुतांशी पुरतात, आणि ज्याला रेषेचे वजन, प्रमाण, छेद व माप कळले, त्याला साधन बदलणे जड जात नाही. ज्याला केवळ कळांचा क्रम पाठ आहे, त्याला नवी आवृत्तीही परकी वाटते.

शिकविण्याचा क्रम उलटा करून पाहण्यास कोणत्याही मंडळाची अनुमती लागत नाही. पहिले आठ दिवस संगणक बंद. विद्यार्थ्याने स्वतःच्या घरातील एक खोली फीतेने मोजावी, कर्णही मोजावेत, कारण जुन्या मातीच्या भिंती काटकोनात क्वचितच असतात आणि कर्ण न मोजल्यास ते कळत नाही. आईच्या कोपराची उंची लिहावी. कुलरची जागा, पाण्याचा माठ, अंथरुणांची घडी आणि दुपारी ऊन कोठवर येते, हे कच्च्या कागदावर नोंदवावे. मग पडद्यावर ती वाकडी खोली वाकडीच काढावी. आज्ञावली काटकोनाकडे ओढून नेत असते. तो ओढा कोठे बंद करावा लागतो, ही त्या वर्गातील पहिली आज्ञा ठरावी.