फ्लेक्सवरची गर्दी, होर्डिंगवरची ऐसपैस जागा

पुणे किंवा नाशिकच्या कुठल्याही मोठ्या चौकात दोन प्रकारच्या जाहिराती शेजारीशेजारी नांदतात. खाली वाढदिवसाचा फ्लेक्स: वरच्या ओळीत पक्षाचे नेते, मधोमध गॉगल लावलेले किंवा मोबाइल कानाशी धरलेले उत्सवमूर्ती, तळाशी शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे. त्याच्या डोक्यावर बिल्डरचे होर्डिंग: इंग्रजी नावाचा गृहप्रकल्प, फिकट आकाश, निळा तरणतलाव आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘अटी लागू’. शिकलेला मध्यमवर्ग पहिल्याला बटबटीत म्हणतो आणि दुसऱ्याबद्दल तक्रार करत नाही. या निवाड्यातून चित्रांपेक्षा निवाडा देणाऱ्याचीच ओळख जास्त पटते.

फ्लेक्स बघणाऱ्याशी नावानिशी बोलतो. त्याच्यासमोर थांबणारा माणूस आधी शुभेच्छुकांत आपला चुलतभाऊ, आपल्या आळीतला पोरगा शोधतो. कोणाचा फोटो मोठा, कोण वरच्या ओळीत, यावरून रुसवेफुगवे होतात. ज्याचा फोटो वर्तमानपत्रात कधी छापून येणार नाही, त्याला इथे चार दिवस चौकात मिरवता येते. साहजिकच इंचभरही जागा मोकळी ठेवणे परवडत नाही. ती ठेवायची तर कोणाला तरी वगळावे लागेल.

बिल्डरचे होर्डिंग कोणालाच ओळखत नाही. त्यात माणसे असलीच तर गोरे, सडपातळ जोडपे आणि एखादे मूल. जॉन बर्जर यांनी १९७२ साली बीबीसीवरच्या ‘वेज ऑफ सीइंग’ या मालिकेत दाखवून दिले होते, की जाहिरात आपल्याला आपलेच उद्याचे रूप दाखवते: वस्तू घेतल्यावर इतरांनी हेवा करावा असे. होर्डिंगवरच्या त्या बाल्कनीत आपण मनाने उभे राहतो आणि खालून बघणारे शेजारीही मनानेच उभे करतो. जिथे घराचा हिशेब चौरस फुटावर होतो, त्या शहरात अर्धा फलक रिकामा सोडणे ही मोठीच ऐट आहे. संयत अभिरुची म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ती बरेचदा परवडणारी मोकळी जागा असते. अभिरुची घरातून आणि शाळेतून घडते आणि ‘आपण त्यांच्यातले नाही’ हे सांगायला कामी येते, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात फ्रान्सपुरते मांडले. आपले चौक त्याला दुजोरा देतात.

या निवाड्यांना टिकाऊपणाही नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांत पोहोचल्या, पुढे कंपन्यांच्या जाहिरातींच्या कॅलेंडरांवरही झळकल्या. ‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून त्यांना नाके मुरडली गेली; आज तेच जुने छाप संग्राहक शोधत फिरतात. एम. एफ. हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवली. ती उन्हापावसात गेली, त्यांचे कॅनव्हास लिलावात कोटींवर गेले. रस्त्यावर असेपर्यंत भडक, दिवाणखान्यात आले की वारसा, असा हा न्याय आहे.

म्हणून फ्लेक्सला डोक्यावर घ्यायचे कारण नाही. चित्र म्हणून तो दुबळाच आहे. गावोगावच्या पेंटरांच्या अक्षरांना ज्याचे त्याचे वळण होते. फ्लेक्सने ते पुसले आणि संगणकातल्या तयार फाइलींवर चेहरे चिकटवणे तेवढे उरले. पण बिल्डरचे चित्रही तसेच तयार साच्यातले आहे. तोच तलाव, तेच ताडमाड, तीच संध्याकाळ. प्रकल्पाचे नाव झाकले तर वाकड कोणते आणि ठाणे कोणते हे ओळखता येणार नाही. एकाच्या साच्याला आपण हसतो, दुसऱ्याच्या साच्यासाठी कर्ज काढतो.

कायद्याचा मुद्दा वेगळा आहे. मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५ चा आहे आणि बेकायदा फलक उतरलेच पाहिजेत. मात्र १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा बळी घेणारा फलक गल्लीतल्या दादाचा नव्हता. तो व्यावसायिक जाहिरातींचा, १२० बाय १२० फुटांचा होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. नियम मोडला असेल तर दोन्ही फलक खाली उतरवा, आणि अभिरुचीचा दाखला मागायचा असेल तर तोही दोघांकडे मागा.