धरणाची भिंत आणि पाण्याचा नियम : शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिपदाचा हिशेब



राणीसावरगावात उभं राहून एका पाटबंधारे मंत्र्याच्या कारकिर्दीवर बोलायचं, हे जरा धाडसाचंच काम आहे. गंगाखेडहून इकडं येताना गोदावरी मागं राहते आणि रस्ता चढाला लागतो. आपण बालाघाटाच्या अंगावर बसलेली माणसं. जायकवाडीचा डावा कालवा नदीच्या पलीकडून, पाथरी, मानवत, परभणी असा जातो. त्याचं पाणी आपल्या बांधाला लागणार नाही. दिवाळी झाली की याच तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ज्यांच्याकडं पाणी पोचलं त्यांचा ऊस तोडायला, ज्यांच्याकडं पोचलं नाही ती माणसं जातात. शंकरराव चव्हाणांचं मोठेपण तपासायला यापेक्षा चांगली जागा नाही, असं आम्हाला वाटतं.

शंकररावांबद्दल मराठवाड्यात दोनच सूर ऐकू येतात. एक, त्यांनी जायकवाडी दिलं, आता पुढं बोलू नका. दुसरा, ते दिल्लीत रमले आणि आपल्याला विसरले. आम्हाला दोन्ही सूर अपुरे वाटतात. पहिल्यात हिशेब नाही, दुसऱ्यात माहिती नाही.

आधी माहिती पाहू. शंकररावांचा जन्म १९२० सालचा, पैठणचा. म्हणजे ज्या गावाला पुढं त्यांनी धरण नेलं, तेच जन्मगाव. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रभावळीत ते घडले. द्विभाषिक मुंबई राज्यात उपमंत्री झाले, आणि १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर पाटबंधारे आणि वीज खात्याचे मंत्री. यशवंतराव गेले, कन्नमवार आले, मग वसंतराव नाईक आले. मुख्यमंत्री बदलले, तरी त्या दशकातला बराच काळ पाणी शंकररावांच्याच हाती राहिलं. पुढं ते दोनदा मुख्यमंत्री झाले, १९७५ ते ७७ आणि १९८६ ते ८८. दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ ही वजनदार खाती सांभाळली. एवढा लांब पल्ला मिळालेला दुसरा पाटबंधारे मंत्री शोधायला गेलात तर दमाल. म्हणून त्यांना माप लावायचं ते लांब पल्ल्याचंच लावलं पाहिजे.

आता जायकवाडीकडं येऊ. जायकवाडी हे गाव खरं तर बीड जिल्ह्यातलं. हैदराबाद राज्याच्या काळात धरणाची पहिली आखणी त्या गावाजवळ होती. नंतर जागा नदीच्या वरच्या अंगाला सरकली, पैठणला आली, नाव मात्र जुनंच राहिलं. वर बांधलं की कालवा उतारानं लांब जातो, जास्त रान भिजतं, हा त्यातला सरळ हिशेब. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. साधारण दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, २७ दरवाजे, शंभर टीएमसीवर साठा, २०८ किलोमीटरचा डावा कालवा, १३२ किलोमीटरचा उजवा. निजामाच्या राजवटीतून बाहेर पडून वीस वर्षंही न झालेल्या भागासाठी हे काम हाती घेतलं गेलं. मराठवाड्याला तेव्हा मुंबईत आवाज किती होता? त्या काळात एवढा पैसा आणि एवढी यंत्रणा इकडं वळवणं ही काही साधी गोष्ट नव्हती. हे श्रेय आम्ही मोकळ्या मनानं देतो.

पण याच धरणाखाली शंभराहून अधिक गावं गेली. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतली माणसं उठली. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्त पुनर्वसनाचा कायदा कधीचा? १९७६ चा. म्हणजे ज्या वर्षी धरणाचं उद्घाटन झालं, त्याच वर्षीचा. गावं उठवून झाली आणि मग गावं कशी उठवावीत याचा कायदा आला. भिंत आधी, नियम मागून. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढं ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

६ ऑक्टोबर १९७५. शंकरराव मुख्यमंत्री. गोदावरीच्या पाण्याबाबत महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात करार होतो. पैठणपर्यंतचं गोदावरीचं सगळं पाणी महाराष्ट्रानं वापरावं, आणि पैठणच्या खाली नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी. बच्छावत लवादाच्या १९८० च्या निवाड्यात हा करार सामावला गेला. वकिलाच्या नजरेनं पाहिलं तर सौदा भक्कम आहे. पैठणच्या वरच्या पाण्यावर आंध्रचा दावा कायमचा मिटला.

आता मराठवाड्याच्या नजरेनं पाहा. पैठणच्या वरचं पाणी महाराष्ट्राचं, बरोबर. पण महाराष्ट्रातल्या कुणाचं? वर नाशिक आणि नगर. त्यांनी किती अडवायचं आणि जायकवाडीला किती सोडायचं, याचा पक्का कायदेशीर नियम तेव्हा झाला नाही. शेजारच्या राज्यासमोर दाराला कडी लावली आणि घरातल्या घरात वाटणीपत्र करायचं राहिलं. वरच्या भागात धरणं होत गेली. ज्या येव्याचा हिशेब धरून जायकवाडी आखलं, तेवढा येवा पुढं भरेना. तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या धरणांनी पाणी समान वाटून घ्यावं हे कायद्यात आलं ते २००५ साली, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात. शंकरराव २००४ च्या फेब्रुवारीत गेले. आणि कायदा आला तरी पाणी सोडायच्या वेळी कोर्टाची पायरी चुकली नाही. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की समन्यायी वाटप करावंच लागेल.

आणि ते खालचे ६० टीएमसी? आपल्या या माळावर पडणारा पाऊस ओढ्यानाल्यांतून पैठणच्या खालच्याच गोदावरीला मिळतो. म्हणजे राणीसावरगावच्या शिवारातलं पाणी नव्यानं अडवायचं तर ते त्या ६० च्या खात्यात धरलं जाणार. सहीच्या दिवशी कालव्याबाहेरच्या गावांचा विचार किती झाला असेल? अशा गावांसाठी आधी इतकं राखून ठेवा, असं एखादं कलम त्यात असतं तर आज आम्ही वेगळं बोललो असतो.

तिसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, हाही १९७६ चाच, शंकररावांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातला. कुणाला पाणी द्यायचं, पाणीचोरी झाली तर काय, पाणीपाळी चुकली तर जबाबदार कोण, या सगळ्याचा हा मूळ कायदा. चांगला कायदा आहे. पण कायदा चालतो नियमांवर, आणि या कायद्याचे नियम पुढं कित्येक दशकं झालेच नाहीत. कारभार चालला तो जुन्या मुंबई इलाख्याच्या नियमांवर. म्हणजे पैठणच्या कालव्यावर, जिथं त्या इलाख्याचं राज्य कधी नव्हतंच, तिथं त्याचे नियम! शंकरराव १९८६ ला पुन्हा मुख्यमंत्री झाले. आपणच आणलेल्या कायद्याचे नियम करून घ्यायला यापेक्षा योग्य माणूस कोण होता? ते झालं नाही. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी चूक. ती दिसत नाही, तिच्यापुढं कुणी नारळ फोडत नाही, म्हणून तिची चर्चाही होत नाही.

त्यांना हेडमास्तर म्हणत. कर्मचाऱ्यांनी वेळेवर यावं, टिपण नीट लिहावं, खर्चाचा पैसा न् पैसा शून्यातून पटवून द्यावा, असा त्यांचा आग्रह. सचिवालयाचं मंत्रालय त्यांनीच केलं. कचेरीचं वेळापत्रक इतकं काटेकोर ठेवणाऱ्या माणसाच्या राज्यात चारीवरचं वेळापत्रक मात्र पाटकऱ्याच्या मर्जीवर राहिलं. टेलचा शेतकरी रात्रभर कंदील घेऊन बसायचा आणि पाणी वरच जिरायचं.

आता त्यांच्या बाजूनं बोलतो, नाहीतर ही टीका अन्यायाची होईल. १९८७ साली त्यांनी आठमाही सिंचनाचं धोरण आणलं. खरीप आणि रब्बीला पाणी द्यायचं, उन्हाळ्यात बारमाही पिकाला कालव्याचं पाणी द्यायचं नाही. साध्या भाषेत, एकाच्या उसाला लागणारं पाणी अनेकांच्या ज्वारी, हरभऱ्याला वाटायचं. साखर कारखान्यांच्या राज्यात हे बोलायला छाती लागते. आम्हाला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय हाच. धरणाचा नंबर त्याच्यामागं. कारण धरण बांधताना सगळे बरोबर असतात, वाटताना माणूस एकटा पडतो. १९८८ च्या जूनमध्ये त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं, ते दिल्लीला अर्थमंत्री झाले. धोरण कागदावर राहिलं, ऊस रानात राहिला. लाभक्षेत्रातल्या विहिरी कालव्याच्याच पाझरावर भरल्या आणि त्यावर ऊस वाढला. ज्या नियमांच्या आधारानं हे थांबवता आलं असतं ते नियम केलेलेच नव्हते. आधीची चूक अशी त्यांच्याच चांगल्या निर्णयाला येऊन नडली.

दिल्लीबद्दल थोडक्यात. १९९१ ते ९६ ते गृहमंत्री होते. ६ डिसेंबर १९९२ ला केंद्रीय दलं अयोध्येपासून फार दूर नव्हती. केंद्र उत्तर प्रदेश सरकारनं दिलेल्या शब्दावर विसंबून राहिलं आणि मशीद पडली. १९९३ साली त्यांच्याच खात्यानं गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साट्यालोट्यावर वोहरा समिती नेमली. अहवाल त्याच वर्षी आला, संसदेसमोर यायला १९९५ उजाडलं. जबाबदारी एकट्याची नव्हती, सगळ्या मंत्रिमंडळाची होती. पण पाण्यात जे दिसलं तेच इथं दिसतं. कायद्यावर श्रद्धा पुरेपूर. पण समोरचा तो पाळणार नाही तेव्हा काय, याची तयारी कमी.

कुणी म्हणेल, सगळं एका माणसाच्या माथी का मारता? नाही मारत. इंजिनिअर होते, इतर मंत्री होते, आपण मतदारही होतो. आपण मतं कशावर दिली? भिंत किती उंच, कालवा किती किलोमीटर, यावर. पाणीवाटपाचे नियम का केले नाहीत म्हणून मराठवाड्यात कुठला उमेदवार पडला? आम्हाला तरी आठवत नाही. पुढारी तेच मोजतो जे लोक मोजतात.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. उद्या कुणी मंत्री या माळावर भूमिपूजनाला आला तर हार जरूर घाला, आणि मग तीन गोष्टी विचारा. पाणी कोणत्या नियमानं वाटणार? तो नियम छापून झाला आहे का? तुटीच्या वर्षी शेवटच्या माणसाला किती मिळणार? उत्तर आलं तर नारळ फोडू द्या. नाही आलं तर मंडप सोडून उठा.

शंकररावांनी आपल्याला पाणी मोठ्या मापात मिळवून दिलं. ते लहान मापात वाटायचं काम राहिलं. ते आता त्यांच्या पुतळ्याकडून होणार नाही, ते आपल्यालाच मागून घ्यावं लागेल.